ढोर कोणी ओढायचं

माझ्या गळ्यातली दुर्बीण काढून आबांनी उकिरड्यावर फेकली, तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते. कोल्हापूरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होते, मंगळवार पेठेत दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. बापानं अंगावर धावून येण्याचं माझं वय कधीच सरलं होतं. शिवाय दुर्बीण माझी नव्हती. आमच्या पक्षी बघणाऱ्या गटातल्या डॉक्टरांनी ती मला सुट्टीपुरती दिली होती.

फेब्रुवारीत रविवारला जोडून सुट्टी आली म्हणून मी गावी गेले होते. आमचं गाव कागलपासून बरंच आत, डोंगराला टेकून. गावामागं एक उभा कडा आहे. सकाळी उन्हं वर आल्यावर मी त्याच्या पायथ्याशी जाऊन बसले आणि दुर्बीण लावली, तर कपारीत गिधाडं. लांब चोचीची, बोटांवर मोजण्याइतकी, पण होती. एका घरट्यात राखाडी लोकरीच्या गुंड्यासारखं पिल्लू मान हलवत होतं. मी अक्षरशः पळत घरी आले.

"आबा, कड्यावर अजून गिधाडं हायत!"

आबा सोप्यात चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "अजून हायत?"

"हायत की. पिल्लू बी हाय एक."

ते उठले आणि त्यांनी ते केलं. परत येऊन म्हणाले, "त्यास्नी बघायला तुला शिकवली व्हय गं?" आणि दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी शेणातून दुर्बीण काढली, पुसली आणि डॉक्टरांना परत देताना एसटीत पडली म्हणून खोटं सांगितलं.

आबांचा राग मला कळत नव्हता असं नाही. कळत होता, म्हणूनच जास्त चीड आली.

आमच्या गावात ढोर मेलं की निरोप यायच्या आधी आभाळात गिधाडं यायची. ती गोल फिरायला लागली की आजोबा ढोर ओढून न्यायच्या, सोलायच्या कामाला लागायचे. भाकरीचा घास हातात असला तरी. गावातलं कोणीतरी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून, आत पाऊल न टाकता, वरती बोट दाखवायचं आणि जायचं. हाक मारायचीसुद्धा गरज नव्हती. आबा लहानपणी आभाळाकडं बघायला घाबरायचे, हे मला आईनं सांगितलं. आबांनी स्वतः कधीच नाही.

छप्पन साली धर्मांतर झालं आणि पुढच्या वर्षी आमच्या गल्लीनं दीक्षा घेतली. आबा तेव्हा विशीतले. त्यानंतर गावात पहिला बैल मेला, तसा एकजण नेहमीसारखा येऊन बोट दाखवून गेला. आबांनी आजोबांचा दोर घेतला, विळ्यानं त्याचे तीन तुकडे केले आणि चावडीसमोर टाकून आले. बैल पाच दिवस पडून राहिला. वास सगळ्या गावाला सारखाच आला. शेवटी गावकऱ्यांनी दुसऱ्या बैलांना जुंपून तो ओढला आणि त्याचा सूड म्हणून आमच्या गल्लीला काम बंद केलं, गिरणी बंद केली. आबा जयसिंगपूरला तंबाखूच्या वखारीत हमालीला गेले. चार वर्षांनी परत आले ते खोकला घेऊनच.

यातलं काही मी आमच्या पक्षी गटात सांगितलेलं नव्हतं. रविवारी सकाळी आम्ही रंकाळ्यावर नाहीतर कळंब्याच्या तलावावर जमायचो. डॉक्टर डोळ्यांचे होते, माणूस मृदू, सगळ्यांना थर्मासमधला चहा स्वतः ओतून द्यायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनियर होते. त्यांनी पहिल्याच दिवशी मला आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग "अच्छा" म्हणाले. बाकीच्यांना त्यांनी फक्त कॅमेरा कोणता ते विचारलं होतं. तरीही मी जात राहिले, कारण पक्षी मला खरोखर आवडायचे. गिधाडं सगळ्यात जास्त. माझ्या लहानपणी कागलजवळ हमरस्त्याच्या कडेला मेलेल्या ढोरावर ती इतकी बसायची की ड्रायव्हर हॉर्न वाजवत एसटी हळू करायचा. नव्वद सालानंतर बघता बघता रस्त्याकडेला नुसती कुत्री दिसायला लागली. का, ते कोणाला माहीत नव्हतं.

पुढं काही वर्षांनी कारण कळलं. गुरांना दुखणं थांबवायला जे डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन देतात, ते अंगात असताना ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. दोन हजार सहा साली सरकारनं ते जनावरांसाठी बंद केलं. त्याच वर्षी डॉक्टरांच्या दवाखान्यात आमची बैठक झाली. विषय माझ्या गावचा कडा; तिथल्या गिधाडांचं मीच गटात सांगितलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "औषध बंद व्हायला वेळ लागेल. तोवर या गिधाडांना बिनविषारी ढोरं पुरवायची. इंजेक्शन न दिलेलं जनावर मेलं की कड्याखाली नेऊन टाकायचं. इतर ठिकाणी करतात असं."

"मनुष्यबळाचं काय?" इंजिनियरांनी विचारलं.

डॉक्टर माझ्याकडं वळून हसले. "मॅडमचंच गाव आहे. मॅडम, तुमच्या लोकांना हे काम परंपरेनं येतं. आपण त्यांना योग्य मोबदला देऊ. निसर्गाचा एक तुटलेला दुवा जुळेल."

मला आधी ऐकूच नीट आलं नाही असं वाटलं. मग कान गरम झाले.

"येतं ना," मी म्हणाले. "सोलायलाही येतं. चांगलं येत होतं, तरी सोडलं."

"मी वाईट अर्थानं नाही म्हणालो."

"चांगल्या अर्थानं तुम्ही ओढा मग."

इंजिनियर म्हणाले, "यात जात कुठं आली? पक्ष्यांचा प्रश्न आहे."

"ठीक आहे, पक्ष्यांचा प्रश्न आहे," मी म्हणाले. "ढोर मी मिळवून देते. दोर मी आणते. ओढायचं तुम्ही दोघांनी. माझ्या गल्लीतला एकही माणूस हात लावणार नाही."

खोलीत आठ-दहा माणसं होती. सगळी भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता बघत राहिली. डॉक्टर शेवटी म्हणाले, "करू." मला वाटतं, त्यांना तेव्हा फक्त बैठक संपवायची होती.

मी गावात घरोघरी फिरले. पहिल्याच शेतकऱ्यानं मला अंगणात उभं ठेवून ऐकून घेतलं. माझ्यापेक्षा दोन इयत्ता पुढं होता शाळेत.

"म्हंजे बैलाचा पाय सुजला, त्यो तडफडाय लागला, तरी इंजेक्शन द्यायचं न्हाय? गिधाडासाठी?"

"दुसरं औषध हाय. मेलॉक्सिकॅम म्हणून. त्यानं बैलाचं बी भागतं आणि गिधाडाला काय होत न्हाय."

"आणि मेल्यावर ढोर तुमास्नी द्यायचं?"

"व्हय."

तो बायकोकडं बघून हसला. "बघ गं. बानं सोडलं, पोरगी परत आली मागाय."

मी उलट काहीतरी सणसणीत बोलायला हवं होतं. मी "कळवा" एवढंच म्हणाले आणि तिथून निघाले. रस्त्यानं मला त्याचाच नाही, आबांचा, डॉक्टरांचा, कड्यावरच्या त्या वाकड्या मानेच्या पाखरांचाही राग येत होता.

संध्याकाळपर्यंत आबांच्या कानावर गेलं होतं.

"कशाला गेलतीस त्याच्या दारात?"

"आबा, आपण न्हाय ओढायचं. ती लोकं येणार हायत कोल्हापुरातनं. डॉक्टर, इंजिनियर. ती ओढणार."

"आन् तुला खरं वाटलं?"

"कबूल केलंय त्यांनी."

"कबूल!" आबा खोकत खोकत हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "त्यांच्या हाताला वास लागला की ती हात धुत्याल आन् आपल्या पोरास्नी हाक मारत्याल. तू बोलवून आणलीस म्हणून तू बी त्यात."

"पक्षी नाहीसं व्हाय लागल्यात, आबा. कायमचं."

"जाऊ दे की," आबा म्हणाले. "जगात माझं काय अडलंय त्यांच्यावाचून?"

पुढच्या उन्हाळ्यात, जून लागायच्या आधी, गावातल्या एकाची म्हैस विहिरीत पडून मेली. इंजेक्शनचा प्रश्नच नव्हता. मी पीसीओवरून डॉक्टरांना फोन केला. ते आले, हे मी मान्य करते. जीपमधून डॉक्टर, इंजिनियर आणि कॅमेरावाला एक पोरगेला वकील. म्हशीच्या मालकानं ट्रॅक्टरची ट्रॉली दिली, म्हैस क्रेननं काढली होती तशीच ट्रॉलीत घातली. ट्रॅक्टर कड्याच्या अलीकडं दगडांपर्यंत गेला आणि थांबला. पुढची वाट चढाची, हातानंच ओढायची.

निम्मं गाव बघायला आलं होतं. आमच्या गल्लीतलेही बांधावर उभे होते. आबा काठी घेऊन आले आणि सगळ्यांच्या पुढं उभे राहिले.

डॉक्टरांनी रबरी हातमोजे घातले. इंजिनियर जीपमधून उतरले नाहीत, त्यांचा गुडघा दुखत होता. वकिलानं दोराला हात लावला, म्हशीचं फुगलेलं पोट बघितलं आणि बाजूला जाऊन ओकला. डॉक्टर एकटे ओढायला लागले. म्हैस जागची हलेना.

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अवो पावणं, तुमास्नी न्हाय जमायचं! त्यांच्या पोरास्नी सांगा की, ही काय हुबी हायत!"

डॉक्टरांनी वर बघितलं. चेहरा घामानं निथळत होता. त्यांनी आमच्या गल्लीतल्या तरण्या पोरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. ते बोलले काहीच नाहीत. पण मागितलं.

आबा मोठ्यानं म्हणाले, "दोराला हात लावंल त्यानं माझ्या दारात यायचं न्हाय."

गल्लीतलं कोणी हललं नाही. मीही नाही. त्या सगळ्या गर्दीत ती म्हैस कड्याखाली पोचावी असं सगळ्यात जास्त मला वाटत होतं. चार पावलं पुढं जाऊन दोर धरला असता तर डॉक्टरांना जरा तरी मदत झाली असती. मी हात पाठीमागं बांधून आबांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

शेवटी म्हशीच्या मालकानं, शिव्या देत, स्वतःच्या भावाला आणि गड्याला पुढं घातलं. चौघांनी मिळून ती वर नेली. डॉक्टरांचे हातमोजे फाटून तळव्यांची सालटी निघाली होती. जीपमध्ये बसताना ते मला म्हणाले, "समाधान झालं तुमचं?" इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा माझ्याशी तसं बोलले.

"अर्धं झालं," मी म्हणाले. "इंजिनियर साहेब उतरले नाहीत."

तिसऱ्या दिवशी गिधाडं उतरली. मी एकटीच होते बघायला. पंख पसरून, धक्काबुक्की करत, एकमेकांच्या डोक्यावर पाय देत ती खात होती आणि मला रडू येत होतं. ते आनंदाचं नक्की नव्हतं.

त्यानंतर डॉक्टर एकदा आले. पुढचं ढोर मेलं तेव्हा त्यांना शस्त्रक्रिया होती, त्याच्या पुढच्या वेळी पाऊस. वर्षअखेरीस गटानं छापलेल्या पुस्तिकेत माझ्या गावचं एक पान होतं. त्यात लिहिलं होतं की हा उपक्रम स्थानिक समाजाच्या उत्स्फूर्त सहभागातून साकारला. फोटोत मागं आमची गल्ली उभी होती, हाताची घडी घालून. मी पुस्तिका डॉक्टरांच्या दवाखान्याच्या टेबलावर ठेवली आणि परत कधी रविवारी रंकाळ्यावर गेले नाही.

कड्यावरची गिधाडं कमी होत गेली. एका हिवाळ्यात दोन दिवस बसूनही एक दिसलं नाही. कपारींवरचे पांढरे ओघळ तेवढे शिल्लक होते. घरी आले तर आबा जेवत होते.

"गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"बरं झालं," म्हणाले आणि भाकरी मोडली.

मी आईला न सांगता पिशवी उचलली आणि स्टँडवर जाऊन बसले. चार महिने गावी गेले नाही. आबांनीही निरोप धाडला नाही. पुढं भेटलो, बोललो, पण या विषयावर आम्ही दोघंही मेल्यासारखे गप्प राहिलो, ते वारेपर्यंत.

बंदी आल्यावर गावातल्या मेडिकलवाल्यानं जनावरांची बाटली ठेवणं बंद केलं आणि माणसांसाठीची मोठी बाटली ठेवायला सुरुवात केली. औषध तेच. ती कोण नेतं आणि कोणाला टोचतं, ते सगळ्या गावाला माहीत. मी गावी गेले की पहिली त्याच्या दुकानात जाते आणि गिऱ्हाइकांसमोर विचारते, "एवढी मोठी बाटली कुठल्या माणसाला लागते हो तुमच्या?"

"बाई, तुमचा काय संबंध?" तो म्हणतो. "तुमच्या कड्यावर आता हाय का एक तरी?"

"न्हाय," मी म्हणते, आणि काउंटरवरून हलत नाही. मागं गिऱ्हाइकं खोळंबतात, कोणीतरी "चला की ओ बाई" म्हणून करवादतं. मागच्या खेपेला मला लांबून येताना बघून त्यानं शटर अर्धं खाली ओढलं. मी वाकून आत गेले.