पाळण्याची कडी

माझ्या नकाशावर बांधलेलं एकही बांधकाम आजवर पडलेलं नाही. आंजीचं आमचं घरही नाही, आणि आईची तक्रार नेमकी तीच होती!

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी वर्ध्याला सरकारी नोकरीत पुलांच्या मजबुतीचे हिशेब करीत असे. गावी बाबांसाठी घर बांधायला घेतलं, तेव्हा प्रेमापोटी त्यात पुलाला पुरेल एवढी सळई घातली. स्लॅब टाकायच्या सकाळी गणपत मिस्त्रीने विचारलं, "साहेब, पाळण्याची कडी टाकाची राह्यली ना?"

"नकाशात आहे?"

"नाई."

"मग नाही!" (नकाशा अर्थातच माझा होता.)

पुढच्या वर्षी मुलगी झाली. बारशाच्या दिवशी आई पाळण्याच्या दोऱ्या हातात घेऊन छताकडे बघत उभी. "काऊन रे, कडी कुठी हाय?"

"राहून गेली, आई."

"साऱ्या जिल्ह्यात पूल बांधले अन् लेकराचा पाळणा टांगाले जागा नाई? तुह्या गळ्याले बांधू का?"

गणपतला बोलावलं. त्याने तासभर घाव घातले आणि सुपारीएवढा खड्डा पाडून खाली उतरला. "दोन छिन्न्या गेल्या, साहेब. लय पक्का झाला बाप्पा!" कौतुकाने एवढा अपमान माझा कधी झाला नव्हता.

बायका जमलेल्या, मुलगी टाहो फोडतेय. बाबा शांतपणे म्हणाले, "गोठ्यात चला."

"गोठ्यात? बाबा, छताचं ते मधलं लाकडी आडं जुनं झालंय, त्याचा भरवसा नाही!" दोनच महिन्यांपूर्वी गोठा तपासून मी आतल्या भिंतीवर चुन्याने तसं लिहूनही ठेवलं होतं.

"त्या आड्याले तुह्या आजोबानं कडी ठोकली हाय. माहा पाळणा तिलेच होता, तुहाही. आपण दोघं पडलो का?"

बैल बाहेर निघाले, पाळणा आत गेला. बायका गाऊ लागल्या आणि माझा जीव टांगणीला लागला.

त्या बारशाचा एकच फोटो आहे. मुलगी पाळण्यात मजेत झोपलीय, आई दोरी ओढतेय, आणि मागे एक घामाघूम इंजिनिअरसाहेब दोन्ही हातांनी बुटकं आडं पेलून उभे आहेत. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवरचा मजकूर स्वच्छ वाचता येतो: 'धोकादायक. याखाली उभे राहू नये.' खाली सही माझी!