चाकूने उघडलेली अकरा पाकिटं

एका सकाळी मी अकरा लोकांची मतपाकिटं चाकूने उघडली. चाकू सरकारी होता, उतावीळपणा माझा स्वतःचा.

दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. चेन्नई महापालिकेच्या एका झोन ऑफिसात मी टपाल क्लार्क होते. तंजावरच्या मराठी घरातली, वय अठ्ठेचाळीस, आणि आपल्याला सगळं येतं अशी पक्की खात्री. आलेल्या पाकिटांच्या झाकणाखाली चाकू सारायचा, सगळी उघडून ठेवायची, मग एकेक कागद काढून इनवर्डचा शिक्का मारायचा. माझ्याइतकं भराभर टपाल कुणी फोडत नसे. या कर्तबगारीचा एवढा गर्व, की घरी लग्नपत्रिका आली तरी मी आधी चाकू शोधायची.

तेव्हा राज्यभर महापालिका आणि पंचायतींच्या निवडणुका होत्या. ज्या शिक्षकांची, कारकुनांची ड्युटी दुसरीकडे लागते, त्यांना आपल्या वॉर्डात जाऊन मत देता येत नाही. त्यांच्यासाठी पोस्टल बॅलट. मतपत्रिका छोट्या पाकिटात बंद करायची. ते पाकीट आणि सही केलेलं डिक्लेरेशन मोठ्या पाकिटात घालायचं. मोठं पाकीट उघडायचं ते मोजणीच्या टेबलावर, सगळ्या एजंटांसमोर. तोवर कुलपातल्या पेटीत. आदल्या दिवशीच्या मीटिंगमध्ये हे सांगत होते तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून मान हलवत होते. लक्ष कॉफीकडे होतं.

त्या सकाळी हा गठ्ठा रोजच्या टपालातच बांधून आला. बाराव्या पाकिटाला चाकू लावला आणि वरची अक्षरं दिसली. पोस्टल बॅलट. अकरा आधीच उघडली होती.

आमचा दफेदार, म्हणजे हेड शिपाई, मुरुगेसन समोर उभा होता. रिटायरमेंटला आलेला, सगळं बघून चुकलेला माणूस.

"अम्मा, गोंद देऊ?" तो हळूच म्हणाला. "कुणी पाहिलं नाही."

"तुम्ही पाहिलंत की."

"मला मोतीबिंदू आहे."

दार लोटून मी गोंद घेतला. एक पाकीट चिकटवलं. मग दुसरं. दुसरं पहिल्यापेक्षा छान चिकटलं. हात सरावत होता. त्याचीच मला एकदम भीती वाटली. ती अकरा मतं बाद झाली, तर त्या लोकांना दुसरी मतपत्रिका मिळणार नव्हती. आणि मी चिकटवत बसले असते, तर मोजणीच्या दिवशी माझी नोकरीही त्यांच्याबरोबर टेबलावर असती.

सगळा गठ्ठा पदराखाली धरून मी राजशेखर सरांच्या केबिनमध्ये गेले. ते आमच्या झोनचे निवडणूक अधिकारी. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान.

"सर, मी पोस्टल बॅलट उघडली."

"किती?"

"अकरा."

"आतली पाकिटं?"

"बंद आहेत."

"गोंद वगैरे नाही ना लावलात?"

मी पंख्याकडे बघितलं. "दोन पाकिटांना लावला."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लिहून द्या. गोंदासकट लिहा."

अकराही एकाच वॉर्डाची निघाली. दुपारी त्या वॉर्डातल्या दोन्ही मोठ्या उमेदवारांचे एजंट आले. त्यांतला सेल्वम भांडायच्या तयारीनेच आला होता.

"ही बाई कुणाची?" त्याने सरांना विचारलं.

"माझी टपाल क्लार्क."

"म्हणजे त्यांचीच," तो दुसऱ्या एजंटाकडे बोट दाखवून म्हणाला.

सरांनी माझा कागद मोठ्याने वाचला. गोंदाचं वाक्य आलं तेव्हा सेल्वमने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग त्याने छोटी पाकिटं एकेक करून खिडकीच्या उजेडात धरली, कडांवरून नख फिरवलं. मी चिकटवलेली दोनही त्याने सगळ्यांसमोर पुन्हा उघडायला लावली. शेवटी यादी झाली, अकराही एका थैलीत सील झाली, आणि ती मोजणीत धरायला हरकत नाही असं दोघांनी लिहून दिलं. सेल्वमने सही सगळ्यात शेवटी केली.

मोजणीपर्यंत मी घरात सस्पेंड झाल्यासारखी वावरत होते. रसमात मीठ दोनदा पडलं. नवऱ्याने मुकाट्याने खाल्लं, तेव्हा कळलं की प्रकरण गंभीर आहे.

मोजणीत पोस्टल मतं सगळ्यात आधी घेतात. अकराही धरली गेली. मग बाकीची मोजणी झाली आणि सेल्वमचा उमेदवार नऊ मतांनी पडला. नऊ. माझ्या अकरांपेक्षा दोन कमी. हॉलच्या टोकाला उभी होते, तिथून मी दाराकडे सरकले. आता हा माणूस माझं नाव घेऊन ओरडणार.

त्याने फेरमोजणी मागितली. पुन्हा नऊच. मग त्याने निकालावर सही केली.

मला लेखी ताकीद मिळाली. ती सर्व्हिस बुकात लागली आणि माझ्याबरोबर रिटायर झाली. पाकीट फोडायच्या आधी वाचायचं असतं, एवढं शहाणपण मला पंचवीस वर्षं टपाल फोडल्यावर आलं.

मोजणीच्या दिवशी संध्याकाळी जिन्यात सेल्वम भेटला. मी काहीतरी पुटपुटले, सॉरीसारखं. तो दोन पायऱ्या उतरला, थांबला, आणि म्हणाला, "अम्मा, तुमची अकरा मला मान्य आहेत, ती मी उघडी पाहिली. मला घोर लागलाय तो बाकीच्या पाकिटांचा. ती सगळी फार छान चिकटलेली होती."