डोळे बांधून डोणीत

एल्मिना वाल्दानचा आवाज मोठा. राजधानीत शिकायला गेली तेव्हा वसतिगृहातल्या पोरी तिच्यापुढं कानांवर हात धरायच्या. तिला वाटायचं, माणसं असंच बोलतात. कारातास्का खाडीकाठच्या तिच्या गावात घरटी एक तरी गडी पाठीला टाकी बांधून शेवंडं धरायला बुड्या मारणारा, आणि चार-पाच हंगामांत कान घालवून बसलेला. मग बायको ओरडणार, पोरं ओरडणार, कुत्रीसुद्धा जरा जोरातच भुंकणार.

तिनं कानाच्याच शास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि परत आली. खोलातून घाईनं वर आलं की अंगात हवेचे बुडबुडे धरतात, आणि कानाच्या आत तोल सांभाळणारा जो नाजूक भाग असतो तो मरतो, हे तिला गावच्या गड्यांवरून सिद्ध करायचं होतं. गाव म्हणायचं, पाण्यातली बाई, लिवा, फटका देते. एल्मिना त्यावर वाद घालत नसे. फटका बसतो तो कानाच्या आत, एवढंच तिचं म्हणणं.

कान आणि तोल यांच्या आजारांवर काम करणाऱ्या नवख्या संशोधकांना राजधानीतली एक संस्था निधी देते. पण पदवीला सात वर्षं झाली की माणूस नवखा राहत नाही. एल्मिनाचं हे सातवं वर्ष.

गेल्या साली अर्ज आपटला होता, आणि चूक तिचीच होती. चर्चच्या सभागृहात तिनं गड्यांना डोळे मिटून उभं केलं. एक हलला नाही. चक्कर येते का विचारलं, तर सगळे म्हणाले, “छ्या!” हंगाम तोंडावर आलेला, आणि बोटीच्या कप्तानाचा माणूस टेओफिलो दारातच बसलेला. चक्कर येणाऱ्याला टाकी कोण देईल? शिवाय गडी अनवाणी, पायाच्या बोटांनी जमिनीच्या फळ्या धरून खेकड्यासारखे उभे. संस्थेनं कळवलं, इथं आजारच दिसत नाही.

एल्मिनानं ते वाचलं, नारळाच्या दुधात घोटलेल्या केळ्यांचं वाबुल पोटभर प्यायली आणि म्हणाली, “फळ्याच काढून घेते आता पायाखालच्या.”

यंदा संस्थेच्या डॉक्टर बुस्तीयो स्वतः बघायला आल्या. उंच, कोरड्या बोलण्याची बाई. एल्मिनानं त्यांना थेट काठावर नेलं. कमरेएवढ्या पाण्यात एकाच खोडातून कोरलेली डोणी तरंगत होती.

“हिच्यात डोळे बांधून उभं राहायचं,” एल्मिना म्हणाली. “डोळ्यांचा आधार नाही, पायांचा नाही. उरतो तो कान.”

आधी तिची मामी क्लोरिस चढली. रोज डोणी हाकणारी बाई. डोळ्यांवर फडकं, कमरेवर हात, आणि तोंड चालूच: “बघा डाक्टरीणबाई, हितं हुबं राहून म्या मासाबी साफ करीन.” मागून आणखी बाया आल्या. एकही पडली नाही.

“बायकांचे कान चांगले आहेत, हे कळलं,” डॉक्टर म्हणाल्या. “पाणबुडे कुठं आहेत?”

पाणबुडे काठावर नारळाखाली बसले होते, नजर दुसरीकडं लावून. त्यांच्यात टेओफिलो होता. उद्या बोटीवरची माणसं तो निवडणार होता. एल्मिना सरळ तिच्या नॉर्विनमामापुढं जाऊन उभी राहिली.

“मामा, चल.”

“माजं काय काम? मी ठणठणीत हाय.”

“मग भितोस कशाला?”

“भितोय कोण? हे पोरखेळ बाया-बापड्यांचे.”

क्लोरिस डोणीजवळूनच ओरडली, “ठणठणीत! डाक्टरीणबाई, ह्यो बाबा अंधारात मुतायला उठला की म्या हात धरून न्येते. न्हायतर चुलीत मुतंल!”

सगळा काठ हसला. नॉर्विनचं तोंड तापल्या तव्यासारखं झालं. त्यानं एकदा टेओफिलोकडं बघितलं, मग सदरा काढून फेकला. “बांध गं फडकं. हिच्या तोंडाला बांधायचं ऱ्हायलंय, ते नंतर बघू.”

डोणीत उभा राहिला. एल्मिनानं डोणीवरचा हात काढला. नॉर्विन डावीकडं कलला, सावरायला उजवीकडं झुकला, आणि पिकल्या नारळासारखा धप्पदिशी पाण्यात गेला.

वर आला तो खोकत, आणि फडकं डोक्यावर तसंच. “हसा, हसा! आता एकेकानं या. का मी एकटाच भिजू? टेओफिलो, तू आधी. तूबी धा वरसं टाकी घातलीयास.”

“मी कशाला?”

“तुला लिवानं मुका दिला म्हणून सोडलंस न्हवं? ये की!”

आता बायाच ओरडायला लागल्या. टेओफिलो उठला, पँट दुमडत, शिव्या देत. तो डोणीत नीट उभा राहायच्या आधीच पाण्यात होता. मग लाजायला कुणी उरलं नाही. गडी रांगेनं येत गेले, रांगेनं पडत गेले. एल्मिना प्रत्येकाला विचारायची, “चक्कर येते का?” आणि ओलाचिंब गडी म्हणायचा, “येती की. कवाची येती.”

डॉक्टर बुस्तीयोंनी बूट काढले, स्कर्ट वर खोचला आणि स्वतः डोणीत चढल्या. डुगडुगल्या, पण टिकल्या. उतरल्यावर म्हणाल्या, “तुमच्या अर्जात उपकरणांच्या यादीत हे नाही.”

“डोणी लिहिली तर हसाल असं वाटलं.”

“हसले असते. आता लिहा. समितीला मी सांगते.”

निधी मिळाला. तीन वर्षांचा, पूर्ण. त्या हंगामात कप्तानानं नॉर्विनला बोटीवर घेतलं नाही. एल्मिनानं त्याला कामाला लावलं. तो पाण्यात उभा राहून पडणाऱ्यांना उचलतो आणि प्रत्येकाला सांगतो की मी तुझ्यापेक्षा जास्त वेळ टिकलो होतो.

डोणी मात्र क्लोरिसची आहे. तिनं पहिल्याच दिवशी भाचीला बजावलं, “उपकरण म्हणतीस न्हवं? मंग उपकरणाचं भाडं दे. आन् मासळीच्या दिवशी मिळणार न्हाय.”

एल्मिनानं भाडं कबूल केलं, तेही अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात.