ढोलवाल्याची सुटका

अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन चुकणारच. माझी शाळा चौथीत सुटली. कोणी वाचलंच, तर सांभाळून घ्या.

"बाई, भांडे थांबवा. इथं माणूस मरून राह्यला," असं म्हणत काका मोरीच्या दाराशी खुर्ची ओढायचे, चष्मा सदऱ्याला पुसायचे आणि वही उघडायचे. मी साबणाचे हात तसेच धरून ऐकत बसायची.

ते एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. रिसोडला एकटेच राहायचे. मी त्यांच्याकडे स्वयंपाक-भांडी करायची. दोन वर्षं ते एक कादंबरी लिहीत होते, निजामाच्या काळातली. तिच्यात एक सिद्दी ढोलवाला होता. त्याचे पूर्वज आफ्रिकेतून निजामाच्या फौजेत आलेले. तो हैदराबादेहून लग्नात वाजवायला इकडे येतो आणि रिसोडच्या एका शेतकऱ्याच्या मुलीवर त्याचा जीव जडतो.

"काळा म्हंजे किती काळा?" मी विचारलं.

"तुमच्या तव्यावानी."

"मंग आमच्या घरातलाच म्हना."

ते इतके हसले की खोकला लागला.

पण त्या ढोलवाल्यानं आईच्या आजारपणात अफूच्या टोळीच्या सरदाराकडून उचल घेतलेली. ती फिटेपर्यंत ढोलात अफू लपवून निजामाच्या सरहद्दीपार न्यायची. मुलगी वाट पाहत होती. पैसे फिटल्याशिवाय दोघांना कुठंच जाता येत नव्हतं.

मी थकून गेले होते. तीन घरची कामं, त्यावर हा ढोलवाला जिवाला लागलेला. एकदा त्याच्याच विचारात भाजीत मीठ टाकायचं राहिलं.

"फेडून टाका ना त्याचे पैसे," मी म्हटलं. "लिहाचंच तर आहे."

"फुकट तिकीट मी कोनाले देल्लं नाही, बाई. पैसे आले कुठून, ते दाखवा लागते."

"मंग ढोल इकू द्या."

त्यांनी चष्मा काढला. "ढोल इकला, तर पोरगी कोनासंगं जाईन?"

त्या दिवशी त्यांनी वाचता वाचता वही मिटली. पुढे दमा वाढला, लिहिणं थांबलं. वाशिमच्या दवाखान्यात न्यायला पुतण्यानं जीप आणली, तेव्हा त्यांनी वही माझ्या हातात दिली.

"आता तुमीच सोडवा त्याले."

"मले कुठं लिहिता येते, काका?"

"ऐकता येते ना? साऱ्यांले तेबी येत नाही. पन फुकटात नाही सोडाचं, बरं."

ते परत आले नाहीत. त्यांच्या घराला आता कुलूप आहे.

वहीला हात लावायला मी कित्येक महिने भीत होते. काल दुपारी काढली. पैसे कुठून आणायचे, याची मला एकच वाट ठाऊक. अफूच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत मी त्या दोघांना कापूस वेचायला लावलं. थंडीत, दवात. त्याची वाजवणारी बोटं बोंडांनी फाटली. ती त्यांना खोबरेल लावायची. ढोल शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीला टांगलेला. तीन हंगाम मी त्यांना सोडलं नाही. लिहिता लिहिता माझीच कंबर भरून आली.

मग शेवटच्या पानावर लिहिलं: सरदारानं पैसे दोनदा मोजले. पै न पै फिटली.