दोन फुटांची काठी

सरकारने मला आयुष्यात पहिली सत्ता दिली ती एका काठीच्या रूपाने. काठी बांबूची, साधारण छातीइतकी उंच, आणि बुडापासून बरोबर दोन फुटांवर तिला तांबड्या रंगाचा पट्टा मारलेला. महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. मी मेहकरचा, मॅट्रिक पास, वनखात्यात नुकताच वनपाल म्हणून लागलेला. दोन महिन्यांचं प्रशिक्षण घेतलं होतं, म्हणजे झाडांबद्दल जगात जे काही कळण्यासारखं होतं ते मला कळलेलं होतं.

त्या सुमारास खात्याने नवीनच टूम काढली होती. सरकारी रोपवाटिकेत भागेना, म्हणून गावातल्या लोकांना ठेक्याने रोपं वाढवायला द्यायची. बी खात्याचं, काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या खात्याच्या, आणि पाणी, माती, मेहनत ज्याची त्याची. पावसाच्या तोंडावर खात्याच्या माणसाने जाऊन रोपं तपासायची आणि चांगली तेवढी उचलायची. तो खात्याचा माणूस म्हणजे मी.

चांगलं रोप कसं ओळखायचं? नियमात लिहिलं होतं की पिशवीच्या तोंडापासून रोप किमान पंधरा इंच हवं. आता हजारो पिशव्यांपुढे कोण वाकत बसणार? म्हणून आमच्या रेंजर साहेबांनी डोकं चालवलं होतं. पिशवी नऊ इंच, रोप पंधरा इंच, मिळून दोन फूट. काठी जमिनीवर उभी करायची आणि रोपाचा शेंडा तांबड्या पट्ट्याला लागला की पास. कंबर शाबूत, काम फत्ते. साहेबांना या शोधाचा इतका अभिमान होता की काठी हातात देताना त्यांनी मला दोनदा बजावलं, "हरवू नको रे. सरकारी आहे."

नापास रोपांसाठीही नियम होता. एकदा नापास झालेली रोपं पुन्हा पुढे करू नयेत म्हणून प्रत्येक पिशवी जागेवरच पात्याने उभी चिरायची. मे महिन्याच्या उन्हात चिरलेल्या पिशवीतली माती ढासळते आणि रोप संध्याकाळपर्यंत मान टाकतं. नियम करणाऱ्याला हे माहीत असावं, म्हणूनच त्याने तो केला असावा.

मी निघालो. अंगावर कडक इस्त्रीचा खाकी पोशाख, पायात मलकापूरहून मुद्दाम आणलेले तपकिरी बूट. त्या दिवशी वरवट बकालच्या बाजूला दोन ठिकाणं होती. पहिला ठेका एका बड्या शेतमालकाचा. त्याच्या मळ्यात विहिरीला पाणी मुबलक, वर आंब्याची दाट सावली, आणि जमिनीपासून वीतभर उंच केलेले ऐसपैस गादीवाफे. त्या वाफ्यांवर कडुनिंबाची रोपं ओळीने उभी होती. हिरवीगार, लुसलुशीत, वारा आला की सगळी एकदम लवायची. शेतमालकाने माझ्यासाठी खुर्ची मांडली. पोहे आले, चहा आला, पुन्हा चहा आला.

"मोजमाप होऊन जाईल सायब, घाई काय हाय," तो म्हणाला.

घाई कसलीच नव्हती. चहा झाल्यावर मी वाफ्यांच्या मधल्या वाटेवरून फिरलो. वाटेवर काठी टेकवली की शेंडे पट्ट्याला लागत होते, काही पट्ट्याच्या वर जात होते. सगळी रोपं पास. मी वहीत 'उत्तम' असा शेरा लिहिला आणि अक्षरही उत्तम काढलं.

दुसरा ठेका त्याच गावाच्या बौद्ध वस्तीतल्या एका बाईचा. वय चाळिशीच्या पुढे. तिने आमच्याच सरकारी रोपवाटिकेत पंधरा वर्षं मजुरी केली होती. पिशव्या भरणं, बी टोकणं, रोपं हलवणं, सगळं तिच्या हातून गेलेलं. ठेका मागणाऱ्यांत तीच एक अशी होती की जिला काम येत होतं, त्यामुळे तिला ठेका मिळताना बराच त्रास झाला होता. शेवटी तिला दोन हजार रोपं दिली. ही पास झाली तर पुढच्या वर्षी दहा हजार द्यायची, आणि नापास झाली तर तिने पुन्हा मजुरीवर यायचं, असं साहेबांनी तिला सांगितलेलं होतं.

तिच्याकडे पाणी बेताचं. म्हणून तिने वाफे उंच न करता उलट वीतभर खोल खणले होते. खड्ड्यासारख्या त्या वाफ्यात पिशव्या ठेवल्या की टाकलेलं पाणी वाहून जात नाही, मुळाशी थंडावा राहतो. शिवाय महिनाभर आधीपासून तिने रोपांवरची सावली काढली होती आणि पाणी एका दिवसाआड केलं होतं. रोपांना उन्हाची सवय व्हावी, खोड लाकडासारखं व्हावं म्हणून. हे सगळं प्रशिक्षणात मलाही शिकवलं होतं. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं आणि वही मेहकरला घरी होती.

मी वाटेवर उभा राहिलो, काठी वाटेवर टेकवली आणि पाहिलं. शेंडे पट्ट्याच्या जवळजवळ वीतभर खाली होते. दुसरी ओळ पाहिली, तिसरी पाहिली. एकही शेंडा पट्ट्यापर्यंत येईना.

"कमी आहेत," मी म्हणालो.

"सायब, जरा खाली वाफ्यात उतरून पाहा ना," ती म्हणाली. "खोड हातात धरून पाहा. पाऊस लांबला तरी मरनार नाही हे झाडं."

वाफ्यात सकाळच्या पाण्याचा चिखल होता. मी माझ्या बुटांकडे पाहिलं. मग मी तिला समजावून सांगितलं की खोड हातात धरण्याचा रकाना तपासणीच्या तक्त्यात नाही, उंचीचा आहे. तिने घरातून पाण्याचा तांब्या आणला होता. मी म्हटलं, घाई आहे. दोन तासांपूर्वी पोह्यांच्या वेळी मला घाई नव्हती, आणि हा फरक कशामुळे पडला ते मला तेव्हाही ठाऊक होतं.

पात्याने पिशव्या चिरायला मी सुरुवात केली तेव्हा तिने माझ्या हातातून पातं मागून घेतलं. म्हणाली, "द्या, मीच करते. तुमच्यानं मुळं कापल्या जातीन." आणि वाफ्यात बसून तिने एकेक पिशवी चिरली. दोन हजार पिशव्यांना दुपार लागली. मी बाभळीच्या सावलीत उभा राहून देखरेख केली, म्हणजे काहीही केलं नाही.

आठवड्याने शेतमालकाची रोपं न्यायला ट्रक आला. हमाल पिशव्या चढवत होते आणि मी काठी घेऊन रुबाबात उभा होतो. ट्रकच्या फळीवर काठी सहज टेकवली, तर शेंडा पट्ट्याच्या वीतभर खाली. मला वाटलं, हे एक रोप चुकून आलं असेल. दुसऱ्याला लावली, तेच. मग काठीत खोट असेल म्हणून ती उलटीसुलटी करून पाहिली. काठी सरकारी होती, तिच्यात खोट नव्हती. शेवटी मी मळ्यात परत जाऊन वाटेवर उभा राहिलो, शेजारच्या उंच गादीवाफ्याकडे पाहिलं, आणि माझे कान तापले.

शेतमालकाची रोपं वाफ्याच्या वीतभर उंचीवर उभी होती आणि मी काठी टेकवली होती खाली वाटेवर. बाईची रोपं वीतभर खड्ड्यात उभी होती आणि मी काठी टेकवली होती वर वाटेवर. मी एकीकडे वाफा मोजून पास केला होता आणि दुसरीकडे खड्डा मोजून नापास. तिची रोपं पंधरा इंचांना पुरी पडत होती, एखादा इंच वरच असेल.

मी साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"दोन्ही अहवालांवर सही कोनाची?"

"माझी."

"मंग काऊन बोंबलून राह्यला? चिरलेल्या पिशव्या आता शिवतोस काय? जा, गप काम कर."

साहेबांचा सल्ला अनुभवी होता. तरी मला झोप लागेना, म्हणून तिसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेलो. खरं सांगायचं, माफी मागायची, आणि पुढच्या वर्षीचा ठेका तिलाच द्यावा असं लेखी लिहून द्यायचं, असं वाटभर घोकत गेलो. ती बांधावर होती. चिरलेल्यातली शे-सव्वाशे रोपं तिने जगवली होती, त्यांना आळी करत होती. मला पाहून उठली, हात पदराला पुसले.

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "बरं झालं सायब तुमी आले. माह्यं काय चुकलं ते सांगा. ठेका भेटला तर पुढच्या सालले तसं नाही करनार मी."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. पंधरा वर्षं रोपं वाढवलेली बाई, आणि ती मला विचारत होती. खरं उत्तर एका वाक्याचं होतं. पण ते दिलं असतं तर मी कोण ठरलो असतो? मला त्या क्षणी आपली सगळी इस्त्री दिसली. मी म्हणालो, "पाणी कमी पडलं. सावलीही काढायला नको होती. त्या मळ्यातले वाफे बघून या, तसे करा."

"हाव," ती म्हणाली. तिने एकदाही शंका घेतली नाही.

पुढच्या वर्षीचा ठेका मी साहेबांच्या हातापाया पडून तिला मिळवून दिला. तेवढ्याने माझं मन थोडं हलकं झालं, हेही कबूल करतो. मे महिन्यात तपासणीला गेलो तर सगळे वाफे वीतभर उंच. वर कपाशीच्या वाळक्या पळाट्यांचा मांडव, सकाळ-संध्याकाळ पाणी. पाणी पुरेना म्हणून ती आणि तिची सून नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावरून घागरी वाहत होत्या. रोपं दीड-दीड फूट उंच, पोपटी, खोडं मेथीच्या काडीएवढी. या वेळी मी वाकलो, पिशवीच्या तोंडाला काठी लावून प्रामाणिकपणे मोजलं. नियमाप्रमाणे एकूण एक पास.

"तुमी सांगतलं म्हनून समजलं सायब," ती म्हणाली. "इतके साल मी उलटंच करून राह्यली होती."

मी 'उत्तम' लिहिलं आणि सही केली. ती रोपं गावच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी गायरान जमिनीवर लावली, आणि दसऱ्यापर्यंत त्यांतलं एकही उरलं नाही. ती मात्र पुढे चार वर्षं, माझी बदली होईपर्यंत, तशीच रोपं वाढवत राहिली, कारण ती दर वर्षी पास होत होती.