शेवटचं स्टेशन: डेरे

ओमानमध्ये, मस्कतजवळच्या रुसैलच्या गोदामात मी रुजू झालो ते १९९७ च्या ऑक्टोबरात, सकाळी ०६३० वाजता. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन अकरा महिने झाले होते. सतरा वर्षं सिग्नल्समध्ये काढली होती. इथे हुद्दा ट्रान्सपोर्ट सुपरवायझरचा होता. काम म्हणजे नऊ ट्रक आणि त्यांच्यात बसवलेले नऊ एचएफ वायरलेस सेट सांभाळणं. त्या काळी मस्कत सोडून आत वाळवंटात गेलं की मोबाइल मुका व्हायचा. तिथल्या ट्रकशी बोलायचं तर हाच सेट, आणि ट्रकच्या पुढच्या बंपरवर उभी केलेली लवलवती अँटेना.

माझ्या आधी सेट होते, पण शिस्त नव्हती. ड्रायव्हरला वाटलं तर तो बोलायचा. मी पहिल्याच दिवशी नियम लावला. दर तासाला, बरोबर तासाच्या ठोक्याला, मी प्रत्येकाला हाक मारणार. त्याने तीन गोष्टी सांगायच्या: कुठे आहे, पाणी किती आहे, गाडी ठीक आहे का. उत्तर आलं नाही तर पाच मिनिटांनी दुसरी हाक. तेव्हाही उत्तर नसेल तर मी शोध सुरू करणार. कारण विचारत बसणार नाही.

"साहेब, ही माणसं तुम्हाला तासाला पाणी मोजून सांगणार?" पीटर म्हणाला. पीटर वसईचा, आमच्या ऑफिसातला डिस्पॅच क्लार्क. माझ्याशी मराठीत बोलायचा, कीबोर्डशी इंग्रजीत आणि देवाशी त्याच्या घरच्या बोलीत.

"सांगतील," मी म्हणालो.

आठवडाभर कोणी सांगितलं नाही. मी ट्रकना नंबर दिले होते: वन, टू, थ्री. नंबर कोणाच्या लक्षात राहिना. मी थ्रीला हाक मारली की सेव्हन उत्तर द्यायचा. शेवटी खल्फान माझ्या टेबलाशी आला. खल्फान ओमानीच, पण जन्म झांझिबारचा. तिथे कच्छी दुकानदारांच्या शेजारात वाढलेला, त्यामुळे हिंदी अशी बोलायचा की मला कधी कधी माझ्या हिंदीची लाज वाटायची. वय साठीला टेकलेलं, मधुमेह, आवाज नगाऱ्यासारखा.

"हवालदार, मी माणूस आहे," तो म्हणाला. "मला माणसाचं नाव दे."

तेव्हा मला युसुफची रीत आठवली.

युसुफ आमचा दुभाषी होता. १९९४ साली शांतिसेनेत माझी पलटण सोमालियात बैदोआला होती. आम्ही विहिरी खोदायचो, काफिल्यांना सोबत करायचो, माणसांबरोबर उंटांनाही औषध द्यायचो. सोमाली लोकांत तीनच नावं पुन्हा पुन्हा येतात, म्हणून प्रत्येकाला अंगावरून एक टोपणनाव असतं आणि ते तोंडावर म्हणतात. त्यात राग नाही, चेष्टा नाही. लंगडा असेल तर लंगडा. युसुफ सहा फूट चार इंच होता, म्हणून तो डेरे, म्हणजे उंच. त्याने आमच्या सेक्शनची पाहणी केली आणि दहा मिनिटांत सगळ्यांचं बारसं उरकलं. माझ्यापाशी आला तेव्हा क्षणभरही थांबला नाही. "मदोबे," म्हणाला. काळा.

शाळेत याच शब्दासाठी मी एकाचा दात पाडला होता. गावात तो शब्द एकटा कधी येत नसे, त्याच्या मागे जात यायची. मी युसुफकडे नुसता पाहत राहिलो. त्याने स्वतःचा हात माझ्या हाताशेजारी धरला. दोन्हींत फारसा फरक नव्हता.

"तू काळा, मी उंच," तो म्हणाला. "नाहीतर तुला हाक कशी मारणार?"

त्या दिवशी तो शब्द माझ्यापुरता धुऊन निघाला. पुढे सोमालियात मला दुसऱ्या नावाने कोणी ओळखलं नाही, आणि मला ते आवडत होतं.

हे सगळं मी खल्फानला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की नावं अंगावरून पडतील आणि कोणी रुसायचं नाही. तो खूश झाला. त्याला म्झे म्हणायचं ठरलं, स्वाहिलीत वडीलधारा. पान खाणारा बलुची मुराद, तो लालदात. मला मी मदोबेच ठेवलं. दोन दिवसांत नेट, म्हणजे सेटवरचं आमचं हे जाळं, असं चालू लागलं, की आमच्या जुन्या सीओ साहेबांनी पाठ थोपटली असती.

संध्याकाळी १८०० वाजता मी नेट बंद करायचो. एकेकाला शेवटची हाक, एकेकाचं उत्तर. सगळ्यांत शेवटी मी म्हणायचो, "डेरे, डेरे, मदोबे. ओव्हर." पाच सेकंद थांबायचो. मग लॉगबुकात लिहायचो: डेरे, उत्तर नाही. नेट बंद.

याबद्दल मी कोणाला काही बोललो नाही. कोणी विचारलंही नाही, कारण प्रत्येकाने आपापलं उत्तर काढलेलं होतं. पीटरला वाटायचं, डेरे हा नगरकडचा कोणी ड्रायव्हर असून त्याचा व्हिसा अडकला आहे. त्याने भिंतीवरच्या बोर्डावर त्याच्यासाठी एक जागा रिकामी ठेवली होती. मुरादचं म्हणणं वेगळं होतं. "मी एक मिनिट उशीर केला तर मदोबे ओरडतो. हा डेरे वर्षानुवर्षं उत्तर देत नाही, त्याला शब्द नाही. नक्की अर्बाबचा भाचा आहे." अर्बाब म्हणजे आमचा मालक. ते पाच सेकंद सुरू झाले की सेटवर कोणीतरी खोकायचं, कोणी शीळ घालायचं. मी लक्ष दिलं नाही.

अशी जवळजवळ पाच वर्षं गेली.

२००२ च्या मे महिन्यातला शेवटचा शुक्रवार. फुटबॉलच्या वर्ल्ड कपचा पहिला सामना, फ्रान्स आणि सेनेगल, आमच्या घड्याळात १५३० वाजता. शुक्रवार सुटीचा, पण ट्रक बाहेर असला की मी सेटवर असायचो. त्या दिवशी दोन बाहेर होते. मुराद अदमला थांबला होता. खल्फान पहाटे त्याच्याही दक्षिणेला, हैमाजवळच्या एका कॅम्पवर पंपाचे सुटे भाग उतरवून रिकामा परतत होता. पीटरने सामना बघायला ऑफिसातला टीव्ही लावला होता. माझी बायको मस्कतला, घुब्र्याच्या फ्लॅटवर जेवायला थांबली होती. मी तिला कळवलं, की थांबू नकोस.

१४०० वाजता खल्फानचा आवाज आला. "म्झे बोलतोय. हैमा सुटलं. पाणी तीन लिटर. गाडी ठीक. मदोबे, आज आफ्रिकेची मॅच आहे."

पीटरने माइक मागितला. "म्झे, सेनेगल तुझ्या झांझिबारपासून किती लांब आहे ठाऊक आहे का?"

"तुझ्या वसईपासून पोर्तुगाल जेवढं लांब आहे, त्यापेक्षा जवळ. तू पोर्तुगालसाठी ओरडतोसच ना?"

"पण ते तुझे कोण लागतात?"

"जिंकले तर माझे. हरले तर सेनेगलचे."

मी माइक परत घेतला. नेटवर गप्पा चालत नाहीत, हाही माझा नियम होता. तो मी फार कडक पाळला नव्हता. खल्फानने एकदा चहा पिताना मला सांगितलं होतं, "झांझिबारात मला अरब म्हणायचे. सत्तरच्या दशकात मस्कतला आलो तर इथे आफ्रिकी म्हणायचे, माझ्या अरबीला हसायचे. ट्रकमध्ये बसलो की मी खल्फान असतो." त्यामुळे सेटवर त्याला थोडं जास्त बोलू द्यावं, असं मला वाटायचं.

१५०० वाजता तो हैमापासून ऐंशी किलोमीटर इकडे होता. पाणी दोन लिटर. म्हणाला, "इथे विजेच्या तारांखाली माझा ट्रान्झिस्टर मधमाश्यांसारखा भुणभुणतो. स्वाहिली कॉमेंट्री लागत नाही."

"रस्त्यावर लक्ष ठेव. ओव्हर."

"ठेवतो, ठेवतो. इन्शाल्ला."

१६०० वाजता मी हाक मारायला माइक उचलला आणि त्याच सुमाराला सेनेगलने गोल केला. पीटर खुर्चीवर उभा राहिला. आमच्या मागच्या कामगार-खोल्यांतून मोठा आरडाओरडा झाला. मुरादने अदमहून उत्तर दिलं. गोल बघूनच तो हॉटेलातून ट्रककडे धावला होता. खल्फानचं उत्तर आलं नाही.

"नाचत असेल," पीटर म्हणाला. "साहेब, आज त्याला सोडा. मॅच संपली की बोलेल."

मी घड्याळ बघितलं. बैदोआलाही एकदा मी असंच वाक्य ऐकलं होतं. ते मीच म्हटलं होतं.

१६०५ ला दुसरी हाक दिली. उत्तर नाही. "मुराद, तुझी गाडी काढ. दक्षिणेला. हैमा रस्ता."

"साहेब, मॅच!"

"मॅच नंतर. यल्ला."

"रॉजर," मुराद म्हणाला. आवाजातला बदल मला कळला. पुढे त्याने एकदाही मॅचचं नाव काढलं नाही.

पीटरने टीव्ही बंद केला आणि हैमाच्या पोलीस चौकीला फोन लावला. त्यांनीही गाडी पाठवायचं कबूल केलं. बाहेर सावलीत शेहेचाळीस डिग्री होतं, आत वाळवंटात त्याहून जास्त. मधुमेही माणूस, दोन लिटर पाणी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो आला नाही म्हणून कोणी शोधायला निघालं असतं, तर शोधण्यासारखं फारसं उरलं नसतं.

मी नकाशा पसरला. अदम ते हैमा, तीनशे किलोमीटरचा रस्ता. खल्फान रस्त्यावर असता तर कोणी ना कोणी ट्रक थांबला असता आणि निरोप आला असता. म्हणजे तो रस्ता सोडून गेला होता. कशासाठी? सिग्नलचा माणूस याचं उत्तर देऊ शकतो. तारांखाली रेडिओ भुणभुणतो. ज्याला रेडिओ स्वच्छ ऐकायचा आहे तो तारांपासून दूर जातो आणि उंचावर चढतो. नकाशात तारांची लाइन रस्त्याच्या पश्चिमेला होती. पूर्वेला दहा-बारा किलोमीटरवर एक बुटका उंचवटा होता. मध्ये सब्खा, म्हणजे मिठाची सपाट जमीन. वरून कडक दिसते, आत चिखल असतो.

"मुराद, पूर्वेकडे रस्ता सोडणारे ताजे टायर शोध. सब्खावर गाडी घालू नकोस. पायी जा."

१८२२. "मदोबे, टायर सापडले."

१८४० पर्यंत काही नाही. सूर्य बुडायला आला होता. १८०० चं नेट मी त्या दिवशी बंदच केलं नव्हतं. पीटर बोटांनी जपमाळेचे मणी सरकवत होता. मी पेन्सिलला टोक काढत होतो. टोक आधीच काढलेलं होतं.

१८४३. मुराद धापा टाकत बोलत होता, पायी जाऊन धावत परतल्यामुळे. "मदोबे, लालदात. म्झे सापडला. ट्रक अॅक्सलपर्यंत आत. माणूस ठीक. ओव्हर."

"ठीक म्हणजे काय? शुद्धीवर आहे? ओव्हर."

"ट्रकच्या सावलीत नाचतोय. म्हणतो सेनेगल एक, फ्रान्स शून्य."

पीटर हसायला लागला तो बराच वेळ थांबला नाही. मी लॉगबुकात वेळ लिहिली. 

शनिवारी सकाळी सगळं कळलं. खल्फानने उंचवट्यासाठी ट्रक सब्खावर घातला होता. ट्रक रुतल्यावरही तो घाबरला नाही, कारण मॅच सुरू झाली होती. ट्रान्झिस्टरवर चांगलं ऐकू यावं म्हणून त्याने सेटची अँटेना-वायर काढून ट्रान्झिस्टरला जोडली. कॉमेंट्री उत्तम आली. माझी हाक मात्र त्याला ऐकू आली नाही. मॅच संपल्यावर त्याने घाईत, वायर परत न लावताच, सेटचं बटण दाबलं आणि सेट जळाला. तेव्हा कुठे त्याला आपण कुठे आहोत ते उमगलं. पाणी अर्धा लिटर उरलं होतं.

मी त्याला उभं करून झापलं. सतरा वर्षांतली सगळी शिकवण कामी आणली. त्याने मान खाली घालून ऐकलं. मग मान वर केली.

"मदोबे, मी पाच वर्षांत एक हाक चुकवली. डेरे रोज चुकवतो. त्याला कधी झापणार?"

मुराद दारात होता, पीटर टेबलावर. मला वाटलं, आता सांगावं.

"बैदोआला एका विहिरीवरून दोन वस्त्यांत भांडण होतं. डेरे आमच्या जीपने तिकडे गेला. १४०० ची हाक आली नाही. डेरे ज्याच्या दारात जायचा तिथे चहा प्यायचा, उंटिणीच्या दुधाचा, तासन् तास. मी म्हटलं, चहा चालू असेल. सगळे हसले. मी १५०० पर्यंत थांबलो. जीप सुरुंगावर गेली होती. ड्रायव्हर वाचला. डॉक्टर म्हणाले, स्फोटानंतर डेरे चाळीस मिनिटं जिवंत होता."

खल्फानने टोपी काढली, पुन्हा घातली. "पोले," म्हणाला. स्वाहिलीत दुःख वाटून घ्यायचा शब्द. पीटरने बोर्डावरची रिकामी जागा पुसली नाही. अजून नीट चौकट आखली.

त्या संध्याकाळी १८०० वाजता मी नेट बंद करत होतो. खल्फान नवा सेट घेऊन नुकताच बरकाला पोहोचला होता. सगळ्यांची उत्तरं झाली. "डेरे, डेरे, मदोबे. ओव्हर." कोणी खोकलं नाही. कोणी शीळ घातली नाही. तीन सेकंद, चार सेकंद. मग तो नगाऱ्यासारखा आवाज आला, एरवीपेक्षा हळू.

"मदोबे, म्झे बोलतोय. डेरेचा चहा चालू आहे. त्याला पिऊ दे. ओव्हर."

जे वाक्य आठ वर्षं मी गिळत होतो, ते त्याने इतक्या प्रेमाने परत दिलं, की मला माइकचं बटण दाबायला वेळ लागला. "रॉजर," मी म्हणालो.

२००७ मध्ये सेट काढून टाकले. आत वाळवंटातही मोबाइल चालू लागला. खल्फान त्याआधीच निवृत्त झाला होता आणि नातवंडांना ट्रकच्या थापा मारत होता. लॉगबुकं कोणाला नको होती, ती मी घरी आणली. आमच्या पलटणीच्या स्मारकावर सोमालियात पडलेल्या जवानांची नावं आहेत. युसुफ जवान नव्हता, दुभाषी होता, म्हणून त्याचं नाव कुठल्याच दगडावर नाही. माझ्या लॉगबुकांत ते प्रत्येक पानावर शेवटच्या ओळीत आहे. पहिली पाच वर्षं तिथे लिहिलंय: डेरे, उत्तर नाही. त्या शनिवारपासून पुढे: डेरे, चहा.