लाभांश की लंबा बांस

परवा आमच्या बांबूच्या शेडखाली गावाची सभा झाली आणि जंगलखात्याच्या रेंजर मॅडमच्या तोंडून चक्क माझा शब्द निघाला... सगळे माझ्याकडे बघून हसले. तेव्हा म्हटलं, गोष्ट आता सांगूनच टाकावी.

मी बोलतेय, नात टाइप करतेय. मी 'मले' म्हटलं की ती 'मला' लिहिते. म्हणते, आजी, माझ्या पुण्याच्या मैत्रिणी पण वाचतात. वाचू दे बापा.

आमचं गाव सीमेपलीकडच्या हिंदी मुलखात, लांजीच्या पुढं, जंगलाला टेकून. हिवाळ्यात खात्याची बांबू-सागाची कटाई निघते, तेव्हा घराघरात काम. कटाई संपली की पोरं बॅग भरतात... माझा मुलगा सुखदेव दरवर्षी हैदराबादला, बिल्डिंगच्या कामावर. सून सुनीता दारात उभी राहते, बोलत काही नाही. मग मीच दोघांना चिडवते. मीही गप्प बसले तर घरात ऐकू काय येणार?

मागच्या वर्षी कटाई संपता संपता गावचा चौकीदार, आमचा कोटवार, दवंडी देत आला. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा... "वन समिती को लाभांश मिलेगा, सब मीटिंग में आओ." मी ऐकलं, लंबा बांस मिलेगा.

खात्याकडून गावाला स्वस्तात बांबू मिळतो, पण आमच्या वाट्याला नेहमी आखूड नाहीतर वाकडा. मला वाटलं, चला, देव पावला. दोर घेतला आणि निघाले. शेजारणींना सांगितलं, त्यांनीही आपापले दोर घेतले...

सभेत वेगळंच चाललेलं. कटाईच्या नफ्यातला गावाचा वाटा आला होता आणि त्याचं काय करायचं ते गावानंच ठरवायचं होतं. अर्ध्या लोकांना वेशीवर मोठं गेट पाहिजे, अर्ध्यांना डीजेचा सेट. गोष्ट गचांडी धरण्यापर्यंत आलेली.

रेंजर मॅडम तरुण पोरगी, बुलेट चालवत येते. तिनं भांडण सोडून आमच्याकडे बघितलं. "माताजी, रस्सी क्यों लाई हो?"

"लंबा बांस न्यायले. बांधून न्या लागन ना?"

जी सभा हसली... कोटवार तर सगळ्यात जास्त. त्याला म्हटलं, "तू खर्रा थुकून बोलला असता तर मी आत्ता घरी भात रांधत असती."

लाज वाटलीच. पण माझं तोंड लाजेनं थांबत नाही. "हसता काहून? मंग बांसच द्या. लांब लांब बांस ट्रकात बसून बाहेर जाते, अन् त्याच्यामागं आमचे पोट्टे जाते. बांस इथं ठेवा, पोट्टे राहतीन."

हसणं थांबलं. आणि मागून आवाज आला, "आई बरोबर म्हणते." सुनीता... सभेत आजवर कधी न बोललेली माझी सून. मॅडमनं हात वर करायला सांगितले. गेट हरलं, डीजेही हरला.

ठरलं असं की गावाच्या वाट्यातून शेड बांधायची. बांबू चिरायची मशीन आणि शिकवणारा माणूस सरकार देणार. खरं सांगू? सरकारी माणूस सांगून जातो, हे मी जन्मभर पाहिलं. ही मॅडम सांगून परत आली... चिखलात बुलेट फसली तेव्हा पायी आली. मशीन आली त्या दिवशी नारळ फोडायला तिनं मलाच पुढं केलं.

आता सुनीता मशीनवर बसते, अगरबत्तीच्या काड्या काढते. सुखदेव खुर्च्या बनवतो. त्याची पहिली खुर्ची अशी डुलली की मी विचारलं, "हैदराबादच्या बिल्डिंगी पण अशाच बांधल्या का रे?" काही पोरं अजूनही बाहेर जातात, खोटं कशाला बोलू. पण सुखदेवची बॅग यंदा माळ्यावर आहे... मांजरीनं त्यात पिल्लं घातली.

तर परवा मॅडम सभेत म्हणाल्या, "इस साल का लंबा बांस आ गया है..." आणि जीभ चावली. मी म्हटलं, राहू दे बाई, तोच शब्द चांगला आहे.

त्या दिवशी सभेतून मी रिकामा दोर घेऊन परत आले, असं गाव अजून सांगतं. सांगू दे... मला काय बांधून आणायचं होतं, ते माझ्या घरात आहे. त्या बुलेटवाल्या पोरीला माझं आयुष्य लागो.